खटला उभा राहण्यापूर्वीचे एकोणीस दिवस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे इतकी जुनी आहे की वकिलाच्या घरातसुद्धा ती बिनदिक्कत उच्चारली जाते. माझ्या घरात तर ती माझ्याच तोंडावर म्हटली जाते. पण तीस-बत्तीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केल्यावर मला वाटू लागले आहे की म्हण करणाऱ्याने पायरी पाहिली, पायरीच्या अलीकडचे अंगण पाहिले नाही. लोकांना खटला म्हणजे उलटतपासणी, साक्षीदाराची तारांबळ, वकिलांचे भाषण आणि शेवटी न्यायाधीशाचा गंभीर आवाज एवढेच ठाऊक असते. नाटककारांनी आणि पुढे सिनेमावाल्यांनी हा समज आणखीच पक्का केला. वास्तविक कित्येक खटले त्या अंगणातच जिंकले किंवा हरले जातात. फिर्यादीत कोणते कलम लावले, दोन प्रकरणे एकत्र चालवायची की वेगळी, आरोपी बाहेर राहून तयारी करणार की कोठडीत बसून, न्याय करायला कोण बसणार, कोणता कागद निशाणी लागून दप्तरात जाणार, या गोष्टी ठरून गेल्या की पुढे उरते ते पुष्कळदा नुसते वाचन.

हे कोणाला पटवायचे झाले तर मी माझ्या बस्त्यातले एखादे बांधाचे भांडण काढत नाही. मी १९०८ सालचा लोकमान्य टिळकांचा खटला काढतो. त्या खटल्यातले टिळकांचे एकवीस तास दहा मिनिटांचे भाषण आणि निकालानंतरचे त्यांचे चार शब्द मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहेत. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा समग्र वृत्तांत इंग्रजीत छापला, तो मी अनेकदा वाचला आहे. वाचताना माझी नजर मात्र दर वेळी भाषणाच्या अलीकडेच अडते. टिळकांना अटक झाली २४ जून रोजी आणि सुनावणी सुरू झाली १३ जुलै रोजी. मधले दिवस एकोणीस. या एकोणीस दिवसांविषयी आपण फार कमी बोलतो.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बाँब टाकला आणि त्यात केनेडी आडनावाच्या दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख आला. ८ जून रोजी सरकारने दोन कायदे एका दिवसात पसार केले, एक स्फोटक पदार्थांविषयी आणि दुसरा वृत्तपत्रांविषयी. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख प्रसिद्ध झाला. याच सुमारास ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांना राजद्रोहाखाली पकडले होते आणि त्यांच्या बचावाची तजवीज करण्यासाठी टिळक मुंबईस गेले होते. म्हणजे पाहा, दुसऱ्याच्या खटल्याची तयारी करावयास गेलेला माणूस सरदारगृहात उतरला आणि तेथेच स्वतः आरोपी झाला!

आता सरकारच्या तयारीकडे पाहू. राजद्रोहाची फिर्याद कोणाही शिपायाने उठून करावी अशी सोय तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. १८९८च्या त्या संहितेतील १९६ कलमाप्रमाणे अशा फिर्यादीला आधी सरकारची मंजुरी लागे. यामागचा हेतू चांगला होता. कोणीही सूडबुद्धीने उठून दुसऱ्याला राजद्रोही ठरवू नये. परंतु मंजुरी देणारे सरकार आणि ज्याच्यावर टीका झाली ते सरकार एकच असल्यावर या कुंपणाचा आरोपीला काय आडोसा मिळणार? उलट या मंजुरीमुळे सरकारला शांतपणे विचार करून, लेख निवडून, वेळ साधून पाऊल टाकता आले. १२ मेचा लेख छापून सहा आठवडे होऊन गेले होते. सहा आठवडे तयारी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एकोणीस दिवस.

अटकेच्या दुसऱ्या दिवशी टिळकांना मुख्य इलाखा मॅजिस्ट्रेट अ‍ॅस्टन यांच्यापुढे उभे केले आणि जामीन नाकारण्यात आला. त्याच दिवशी पुण्यात गायकवाडवाड्याची आणि सिंहगडावरील बंगल्याची झडती झाली. गडावर पोलिसांच्या हाती काही लागले नाही. पुण्याच्या घरात मात्र लिहिण्याच्या मेजाच्या खणातून एक कार्ड निघाले आणि त्यावर स्फोटक पदार्थांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती.

या कार्डाविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कागद पुरावा कसा बनतो याचा यापेक्षा चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. टिळकांचा खुलासा साधा होता. सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा केला. त्यावर टीका लिहायची तर स्फोटक पदार्थ म्हणजे काय, त्याची व्याख्या कोठे सापडेल, हे पाहावे लागते. म्हणून सूचिपत्रातून ही नावे टिपून घेतली. लिहिणाऱ्या कोणाच्याही खणात असली टिपणे सापडतील. माझ्याच खणात आज विषबाधेवरील एका वैद्यकीय ग्रंथाचे नाव लिहिलेली चिठ्ठी आहे आणि घरातील सर्व मंडळी खुशाल आहेत. पण खणात असेपर्यंत जो कागद टिपण असतो, तो पंचनाम्यात उतरला की त्याचा स्वभाव बदलतो. पंचनामा वस्तू सांगतो, हेतू सांगत नाही. आणि जिथे हेतू लिहिलेला नसतो तिथे ऐकणारा आपल्या मनातला हेतू भरतो. खटला होता दोन लेखांचा. बाँबचा आरोप कोणीच ठेवला नव्हता. तरी ते कार्ड पुराव्यात आले, ज्यूरीच्या हाती गेले आणि टिळकांना आपल्या निवेदनात त्याचा खुलासा करीत बसावे लागले. आरोपीला खुलासा करायला लावणे हेच निम्मे काम असते, हे प्रत्येक जुना सरकारी वकील जाणतो.

२९ जूनला मॅजिस्ट्रेटने प्रकरण हायकोर्टाच्या सेशन्सकडे सोपवले. आणि मग २ जुलै उजाडला.

त्या दिवशी न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे टिळकांच्या वतीने जामिनाचा अर्ज चालला. अर्ज चालवणारे बॅरिस्टर होते महंमदअली जीना. वय वर्षे एकतीस. जीनांनी जो मुख्य आधार घेतला तो अकरा वर्षांपूर्वीचा होता आणि त्याची हकीगत सांगितल्याखेरीज २ जुलैची गंमत कळायची नाही.

१८९७ साली, रँडवर गोळी झाडली गेली त्यानंतर, शिवराज्याभिषेकोत्सवाच्या संबंधातील ‘केसरी’तील मजकुरावरून टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला. २७ जुलैला त्यांना पकडले. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे अर्ज गेला. तोही नामंजूर झाला. पुढे प्रकरण सेशन्सकडे गेल्यावर ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यापुढे पुन्हा अर्ज झाला आणि या वेळी जामीन मिळाला. शेठ द्वारकादास धरमसी जामीन राहिले. तय्यबजींच्या विचाराचे सार असे की जामीन देताना मुख्य प्रश्न एवढाच, आरोपी सुनावणीला हजर राहील की नाही. आणि आत डांबलेल्या माणसाला बचावाची तयारी नीट करता आली नाही व पुढे तो निर्दोष ठरला, तर त्याची भरपाई कोण करणार? हा अर्ज तय्यबजींपुढे चालवणारे बॅरिस्टर कोण होते? दिनशा दावर!

आता २ जुलै १९०८चे दृश्य डोळ्यांपुढे आणा. अशील तोच, कलम तेच, हायकोर्ट तेच. जीना मोठ्या विश्वासाने तय्यबजींचा निर्णय पुढे ठेवत आहेत. टिळकांना मधुमेह आहे हे सांगत आहेत. कैदेत बसून बचाव तयार करता येत नाही हे सांगत आहेत. जो युक्तिवाद करून दावरांनी एकदा जामीन मिळवला होता, तोच युक्तिवाद आता दावरांनाच ऐकवला जात आहे. दावरांनी अर्ज फेटाळला. कारणे देणे या वेळी इष्ट नाही, असे ते म्हणाले.

दावरांना खलनायक करणे सोपे आहे आणि आमच्या लहानपणी ते सर्रास केले जाई. मला ते फारसे मान्य नाही. वकील अशिलासाठी बोलतो, न्यायाधीश स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो. काल जे मागितले तेच आज दिले पाहिजे असा वकिलाला नियम लावला तर आमच्यातला एकही न्यायासनावर बसू शकणार नाही. सुनावणीपूर्वी कारणे दिली तर ज्यूरीच्या मनावर परिणाम होईल, ही भीतीही खोटी नव्हे. तरीपण जामीन नाकारताना मौन धरणे मला खटकते. जामिनाचा हुकूम आरोपीच्या हातापायांविषयी असतो. ज्याचे हातपाय बांधले जातात त्याला, ते का बांधले, एवढे विचारण्याचा हक्क असावा.

बाहेर राहणे आणि आत राहणे यांत बचावाच्या दृष्टीने काय फरक पडतो, हे १८९७ सालाने दाखवले होते. त्या वेळी जामिनावर सुटल्यावर टिळकांना महिनाभर मिळाला. बंगालमधील स्नेह्यांनी वर्गणी गोळा केली, कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर आले, कागद जमवता आले, माणसे भेटता आली. १९०८ साली टिळक डोंगरीच्या तुरुंगात होते. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत तेव्हा बॅरिस्टर अशिलाकडून थेट सूचना घेत नसे. सॉलिसिटरने अशिलाला भेटायचे, कागद लावायचे, हकीगत लिहायची आणि मग ते बाड बॅरिस्टरच्या मेजावर जायचे. आमच्या जिल्ह्याच्या गावी हे सारे एकच वकील करतो. अशील ओसरीवर येऊन बसतो आणि विसरलेली गोष्ट पान लावता लावता आठवते. तुरुंगात ओसरी नसते. मला वाटते, टिळकांनी आपला खटला स्वतःच चालवला याच्या कारणांत हेही एक असावे. ते कायद्याचे पदवीधर होते. पुण्यात त्यांनी वकिलीच्या परीक्षेचे वर्ग चालवले होते. ज्या माणसाला बाहेरचे बाड तयार करता येत नाही, तो बाड डोक्यात तयार करतो. ते एकवीस तासांचे भाषण हे त्या डोक्यातल्या बाडाचेच फळ होय.

पण माझ्या मते एकोणीस दिवसांतला खरा दिवस २ जुलै नव्हे, ३ जुलै होय. त्या दिवशी सरकारपक्षाने खास ज्यूरी मागितली.

आजच्या तरुण वाचकांनी ज्यूरी पाहिलेली नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. हायकोर्टात सेशन्स खटल्याला नऊ नागरिक बसत आणि दोषी की निर्दोषी हे ते ठरवीत; न्यायाधीश कायदा समजावून देई आणि शिक्षा फर्मावी. साधी ज्यूरी सामान्य यादीतून निघे. खास ज्यूरीची यादी वेगळी, प्रतिष्ठित मानलेल्या गृहस्थांची, आणि त्या प्रतिष्ठितांत युरोपीयांचा भरणा मोठा. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी कसून विरोध केला. त्यांचे म्हणणे साध्या माणसालाही पटावे असे होते. लेख मराठीत आहेत, मराठी वाचकांसाठी लिहिलेले आहेत. त्यांचा त्या वाचकांच्या मनावर काय परिणाम होईल हा प्रश्न आहे. आणि खास यादीतून ज्यूरी काढली म्हणजे तीत मराठी न जाणणाऱ्या युरोपीयांचे बहुमत होणार. अर्ज सरकारच्या बाजूने मंजूर झाला. ज्यूरी बसली ती सात युरोपीय आणि दोन पारशी अशी.

२२ जुलैच्या रात्री मते पडली ती सात विरुद्ध दोन. १८९७ साली ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. तेव्हा मते पडली होती सहा विरुद्ध तीन. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे मला भाष्य करावेसे वाटत नाही. टिळकांनी १५ जुलैपासून २२ जुलैपर्यंत कायदा, इतिहास, भाषाशास्त्र आणि इंग्लंडमधील नजिरा यांचा जो पट मांडला, त्याने किती मते हलली? वृत्तांत वाचून माझे उत्तर असे आहे की ज्या दिवशी यादी निवडली गेली त्याच दिवशी बहुतेक मते पडून गेली होती.

मराठी न जाणणाऱ्या ज्यूरीमुळे सगळा भार येऊन पडला भाषांतरावर. सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीत तयार झालेले इंग्रजी तर्जुमे म्हणजेच जणू टिळकांचे लेख, असे मानून काम चालले. टिळकांनी स्वतः भाषांतर खात्यातील साक्षीदाराची उलटतपासणी घेऊन शब्दाशब्दावर अडवले. पण ज्यूरीने मूळ वाचलेलेच नाही तेव्हा ती अडवणूक त्यांना शाळेतल्या पंतोजींचे भांडण वाटली असल्यास नवल नाही. आता आपण घरच्या घरी एक प्रयोग करा. ‘माथेफिरू’ हा शब्द घ्या. आपण तो संतापाने वापरतो, कीव येऊनही वापरतो, कधी एखाद्या हट्टी मुलाच्या कौतुकानेही वापरतो. त्याला इंग्रजीत एकच शब्द द्या आणि पाहा, त्यातला कोणता अर्थ उरतो! ‘जुलूम’ म्हटले की मराठी बाई जावेच्या पाहुणचाराच्या आग्रहालाही जुलूमच म्हणते. इंग्रजीत तो राज्य उलथून टाकण्याइतका भारी होऊन बसतो. वाक्याची गोष्ट तर याहून बिकट. मराठी अग्रलेखाचा उपरोध स्वरात असतो आणि तर्जुम्यात स्वर उतरत नाही. बॅप्टिस्टांनी ३ जुलैला जी भीती घातली होती ती १३ जुलैनंतर अक्षरशः समोर उभी राहिली.

आणखी दोन बाबी झटपट सांगून टाकतो. दोन लेखांची दोन प्रकरणे वेगवेगळी सोपवली गेली होती. सुनावणीच्या वेळी सरकारने ती एकत्र चालवण्याची परवानगी मागितली. टिळकांनी हरकत घेतली, ती टिकली नाही. राजद्रोहाचे १२४अ आणि वर्गावर्गांत वैर पेटवण्याचे १५३अ अशा कलमांखाली तीन आरोप एकदम उभे राहिले. दोन लेख एकत्र वाचले की एकाची सावली दुसऱ्यावर पडते, हे सांगायला कायदा शिकायला नको. दुसरी बाब टिळकांच्या बाजूची. अँग्लो-इंडियन पत्रांनी काय काय लिहिले होते आणि आपले लेख हे त्या वादातले उत्तर कसे होते, हे दाखवण्यासाठी त्यांनी वृत्तपत्रांचे अंक दप्तरात दाखल केले. ते आवश्यकच होते. परंतु बचावाने कागद दाखल केले की शेवटचे भाषण करण्याचा हक्क फिर्यादी पक्षाकडे जातो, हा तेव्हाचा नियम. त्यामुळे टिळकांचे भाषण संपल्यावर अ‍ॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन उठले आणि ज्यूरीच्या कानांत वकिलाचा शेवटचा आवाज सरकारचा राहिला. कागद द्यावा की शेवटचा शब्द राखावा? हा पेच आमच्या धंद्यात फार जुना आहे आणि त्याचे सर्व वेळी लागू पडेल असे उत्तर मला अजून सापडलेले नाही. टिळकांच्या जागी मी असतो तर कागद दिलेच असते असे वाटते.

शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. पुढे मंडालेची हकीगत सर्वश्रुत आहे.

या सगळ्या यंत्रातले काही भाग आता मोडीत निघाले आहेत. ज्यूरीची पद्धत १९७३च्या फौजदारी संहितेत उरली नाही. मॅजिस्ट्रेटपुढील ती लांबलचक पूर्वचौकशीही जुन्या रूपात राहिली नाही. १ जुलै २०२४पासून १८६०ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि १२४अ हे कलम त्या आकड्याने आता पुस्तकात नाही. त्याच्या आधी, ११ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अंमल थांबवून धरला होताच. पोलिसांच्या कागदांच्या नकला आरोपीला वेळेवर आणि फुकट मिळाल्या पाहिजेत, हे आज कायद्यातच आहे. जामीन, आरोपांची बांधणी, कागदाची निशाणी आणि भाषांतर ही चार ठिकाणे मात्र जिथल्या तिथे आहेत. नव्याने सनद घेतलेली मुले माझ्याकडे येतात ती उलटतपासणी शिकायला. मी त्यांना आधी झडतीचा पंचनामा वाचायला बसवतो, ती कंटाळतात.

जीनांना २ जुलैचा तो अर्ज हरल्याची भरपाई आठ वर्षांनी मिळाली. १९१६ साली, टिळकांच्या साठीच्या दिवशीच, त्यांच्यावर नोटीस बजावण्यात आली: बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांबद्दल चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये? पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण हायकोर्टात गेले. या वेळी ज्यूरी नव्हती, न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी भाषणे सुटीसुटी वाक्ये तोडून न वाचता संबंध वाचली आणि ९ नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूने उभे होते जीना.

ज्या दालनात १९०८ साली ती सात विरुद्ध दोन मते पडली, त्याच्या बाहेर टिळकांचे निकालानंतरचे शब्द कोरलेली पाटी आहे. १९५६ साली ती मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्या हस्ते बसवली गेली. तरुण वयात छागलांनी वकिलीचे पहिले धडे घेतले होते ते जीनांच्याच चेंबरमध्ये.